पिवळ्या ठिगळाची वाकळ

मी मथुराबाई. तोंडानं फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागनं कुणी नावं ठेवायला नको. सोलापुरात गिरणीच्या चाळीत माझं आयुष्य गेलं. घाबरणं माझ्या स्वभावात नाही. नवऱ्याच्या माघारी तीन पोरं वाढवली ती काय घाबरून? पण सत्तर सालच्या दिवाळीत मी अशी भ्याले की अजून कडुलिंबाचा वास आला तरी मी वाट बदलते.

तेव्हा आमच्या पेठेत केसरबाईंनी जुन्या कपड्यांचं दुकान काढलं होतं. केसरबाई म्हणजे मुलींच्या शाळेतनं हेडबाई म्हणून रिटायर झालेल्या, शिस्तीच्या. दिवाळीआधी महिनाभर आम्ही सातआठ जणी घरोघर फिरून लुगडी, सदरे, झबली, पांघरुणं गोळा करायचो. सगळं उकळत्या सोड्याच्या पाण्यात घालायचं, उसवलेलं शिवायचं, आणि दुकानात मांडायचं. फुकट घेणाऱ्याची मान खाली जाते म्हणून चार आणे, आठ आणे घ्यायचे आणि त्याचे गरिबाच्या पोरांना फराळाचे पुडे करायचे. पगार कुणालाच नव्हता. मी शिवणाची, म्हणून ठिगळं लावायचं काम माझ्याकडं.

केसरबाईंचा एक नियम होता. कुणी दिलं ते विचारायचं नाही, कुणी नेलं ते सांगायचं नाही. पहिल्या वर्षी एका वकिलीणबाईनं भर देवळात एकीला हटकलं होतं, हे लुगडं माझंच की गं, म्हणून. ती बिचारी पुन्हा त्या देवळाची पायरी चढली नाही. तेव्हापासनं नावं बंद. देणारे पुढच्या दारानं यायचे आणि घेणाऱ्यांसाठी मागच्या बोळात दार होतं. मला तो नियम फार आवडायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी येईल त्या बाईला सांगायचे.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी वच्छला गाठोडं घेऊन आली. वच्छला आमच्या चाळीपलीकडं राहायची, नवरा रेल्वेत. पंचविशीची पोर, पण नवरात्राच्या आधी तिचा तीन वर्षांचा मुलगा महिपती गेला होता. ताप डोक्यात गेला, असं घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. गाठोडं ठेवलं आणि तशीच मागं फिरली. मीही काही विचारलं नाही. गेलेल्या लेकराचे कपडे असणार एवढं कळत होतंच, आणि ते कुणाला तरी देण्याची रीत आहे.

आत दोन सदरे आणि एक वाकळ होती. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेली गोधडी, पण ही लेकराच्या मापाची, बारीक टाक्यांची. टाके बघून माझा जीव हरखला. घडीघडीत कडुलिंबाचा पाला घातलेला. मी शेजारच्या बायांना दाखवलं, बघा, याला म्हणतात टापटीप! कसर लागू नये म्हणून आपण सगळ्याच ट्रंकेत पाला घालतो, तसाच तिनं घातला असणार. सदरे मी धुण्याच्या ढिगात टाकले. वाकळ मात्र जाड, दोन दिवस वाळली नसती, दिवाळी तोंडावर आलेली, आणि दिसायला स्वच्छ. कशाला उगाच भिजवायची, म्हटलं. पाला झटकला, एक कोपरा फाटला होता तिथं माझ्या जुन्या पिवळ्या चोळीचं ठिगळ लावलं आणि फळीवर ठेवून दिली. उकळायचा नियम मोडला तो मी, दुसऱ्या कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. दुपारी मागच्या दारानं एक बाई आली, कडेला तीनेक महिन्यांची पोर. बाईचा पदर नाकापर्यंत ओढलेला, मागच्या दारानं येणाऱ्या बहुतेक तशाच यायच्या; बोटांना तंबाखूचा वास, म्हणजे बिड्या वळणारी. नाव विचारायचा प्रश्नच नव्हता. पोर एकदा शिंकली, आणि मला काय सुचलं, मी फळीवरनं ती वाकळ काढली आणि माझ्या या हातांनी पोरीला तिच्यात गुंडाळलं. पोर तिथंच झोपली. बाई पदराआड हसली, चार आणे ठेवले आणि गेली. मला वाटलं, आजचा दिवस सत्कारणी लागला.

नरक चतुर्दशीला सकाळी अंघोळी आटोपल्या, मी माझं आमसुली इरकली लुगडं नेसले आणि फराळाचं ताट घेऊन वच्छलाकडं गेले. घरात कुणी गेलं असेल तर त्या दिवाळीला त्या घरी कढई चढत नाही, शेजारपाजारचे ताट नेतात. वच्छला भिंतीला टेकून बसली होती. मी करंज्या ताटातनं काढत होते, तेव्हा तिनं विचारलं, “मावशी, ती वाकळ गेली का हो?”

गेली की, म्हटलं, एका तान्ह्या पोरीला दिली, लगेच झोपली तिच्यात. दीड महिन्यात पहिल्यांदा वच्छलाच्या चेहऱ्यावर मी जरा उजेड बघितला.

“बरं झालं. सासूबाई जाळ म्हणत होत्या, मला जाळवेना. धुतलीसुद्धा नाही मी, त्याचा वास जाईल म्हणून. नुसता पाला बदलत राहिले, त्याच्या अंगाखाली घालत होते तसा.”

माझ्या हातातली करंजी तशीच राहिली. आजारी लेकराच्या अंगाखाली लिंबाचा पाला कशात घालतात, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी विचारलं, काय झालं होतं गं महिपतीला? तिनं दाराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली की देवी आल्या होत्या. म्युनिसिपालटीला कळलं तर लेकराला उचलून साथीच्या दवाखान्यात नेतील म्हणून सासूनं दार लावून घेतलं होतं. महिपती आईच्या मांडीवरच गेला. वाकळीनं देवी दुसऱ्याला होतात हे वच्छलाला ठाऊकच नव्हतं. माझा चेहरा बघून तिला ते कळलं. तिनं स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला आणि मी ताट तिथंच टाकून निघाले.

रस्त्यात पोरं फटाके उडवत होती, आणि मला नीट दिसत नव्हतं. केसरबाईंना सगळं सांगितलं. त्या एक अक्षर रागावल्या नाहीत. वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि मला देवी टोचणाऱ्या धोंडिरामकडं नेलं. धोंडिराम म्युनिसिपालटीतला, पेठेतली निम्मी पोरं त्याला बघून पळायची. त्यानं पोरीला टोचलंय का ते विचारलं. तीन महिन्यांची, म्हणजे नसणारच, म्हटलं. मग तो बोटं मोजत म्हणाला,

“परवा दुपारी गुंडाळली ना? मग उद्या सांजच्या आत मला ती पोर आणून द्या. चौथ्या दिवसापतोर टोचलं तर वाचंल. त्याच्याफुडं माज्या हातात न्हाय.”

त्यानं निघता निघता माझी बाही वर करून दंडावरचे जुने वण बघितले आणि मान हलवली. मला स्वतःची काळजी नव्हतीच. मला ती पोर दिसत होती, वाकळीत नाक खुपसून झोपलेली.

आता शोधायची कुठं? नाव नाही, पत्ता नाही, चेहराही नीट बघितलेला नाही. आमचाच नियम आमच्या बोकांडी बसला. सोलापुरात बिड्या वळणाऱ्या बाया काय दोनचार आहेत? तरी आम्ही दोघी त्या दिवशी अख्खी बिडीकामगारांची वस्ती पालथी घातली. दारोदार सुपात पानं आणि तंबाखू घेऊन बाया बसलेल्या. केसरबाई विचारायच्या, आमच्या दुकानातनं कुणी पिवळ्या ठिगळाची वाकळ नेली का? आणि एकूण एक बाई मान हलवायची. आमी न्हाय बाई तितनं काय घेत. एकीच्या अंगातल्या चोळीवर माझ्या हातचा रफू मला स्वच्छ दिसत होता, आणि ती माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगत होती की ते दुकान कुटं हाय तेच मला ठावं न्हाय. एक तेलुगू आजीबाई तर आम्ही वसुलीला आलो समजून आत गेली आणि कडी लावली.

मी तिथं भर बोळात कावले. जीव जातोय एका लेकराचा आणि तुम्हाला लाजा सुचतात, असं बरंच काय काय बोलले. दारं आणखीच बंद झाली. केसरबाईंनी माझा दंड धरला. तो त्या सोडेचनात, आणि ते बघून माझी उरलीसुरली हिंमत गेली. हेडबाईंना भ्यालेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या म्हणाल्या की झाकायला आपणच शिकवलं, मथुराबाई, आता त्या उघड्या कशा होतील?

घरी आले आणि ताट सारून उठले. सून म्हणाली, तब्येत बरी नाही का? मी म्हटलं, फराळ जास्त झाला. धर्म करता कर्म उभं राहतं म्हणतात, ते माझ्या पुढ्यात येऊन उभं राहिलं होतं. डोळे मिटले की पोर शिंकायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी बिडी कारखान्याच्या फाटकापाशी बाया जमतात हे मला ठाऊक होतं. त्या दिवशी मालक सगळ्यांना पेढे देतो, सणाची उचल देतो, सहसा कुणी चुकवत नाही. वच्छलाकडं नेसून गेले होते म्हणून सोड्यात घालायचं ते लुगडं मी पुन्हा नेसले, इरकली. का नेसले ते मला तेव्हा कळत होतं आणि त्याचीच भीती वाटत होती.

फाटकापाशी दोनएकशे बाया ओळीत उभ्या. त्यांच्यात आमच्या चाळीतली बजाबाईही होती. बजाबाईला सांगितलं म्हणजे पेठेला दवंडी. गेल्या भाऊबीजेपासनं हीच बजाबाई माझं इरकली सगळ्यांना दाखवत फिरायची. बघा, करमाळ्याचा भाऊ असावा तर असा, म्हणायची. ओळीत कडेवर तान्ही पोरं असलेल्या दहाबारा जणी होत्या. मी एकेकीकडं बघत गेले. एक वाकळ दिसली, पण तिच्यावर पिवळं काही नव्हतं. मी पुढं गेले. टोकापर्यंत गेले आणि परत आले. सूर्य वर चढत होता. पेढे वाटून झाले की या बाया पांगणार, आणि मग सांज व्हायला कितीसा वेळ.

मग मी फाटकाशेजारच्या दगडावर चढले. पोरांना ओरडताना माझा आवाज तिसऱ्या चाळीत जातो, तोच लावला.

“बायांनो, हे माझ्या अंगावरचं लुगडं बघा,” मी म्हटलं. “हे मी त्या दुकानातनं घेतलंय. आठ आण्याला. मागच्या दारानं. करमाळ्याच्या भावानं मला अकरा वर्षांत एक पोस्टकार्ड पाठवलं नाही, आणि मी सगळ्यांना सांगत सुटले की भाऊबीजेला आलंय. मी खोटं बोलले. मला लाज वाटली. तुम्हाला वाटतीय तशीच.”

बजाबाईचं तोंड उघडं राहिलेलं मला दिसलं. मी लुगड्याचा पदर हातात धरून तशीच बोलत राहिले. वसुबारसेला माझ्या हातनं एका पोरीला वाकळ गेली. तिच्यावर देवी आलेलं लेकरू झोपलं होतं. चूक माझी, मी ती उकळली नाही. आज पोरीला टोचलं तर ती वाचते. उद्या नाही वाचत. मला नाव नको, गाव नको, नुसती पोर द्या.

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. चारचौघात मी कधी रडले नव्हते, नवरा गेला तेव्हाही नाही.

ओळीच्या मधनं एक बाई बाहेर आली. ज्या वाकळीवर पिवळं काही नाही म्हणून मी पुढं गेले होते, तीच. तिनं पोरीवरची वाकळ काढली आणि उलटी केली. आतल्या अंगाला माझं पिवळं ठिगळ होतं. दुकानातली म्हणून कुणी ओळखू नये, यासाठी तिनं ती आतबाहेर केली होती. मी तिच्यासमोरनं दोनदा गेले होते.

“माजी हाय,” ती म्हणाली. “काल बी म्या न्हाय म्हनले. माजी पोर मरंल का वो?”

मी दगडावरनं कशी उतरले मला आठवत नाही. तिचं नाव मायाक्का, मोहोळकडची, नवरा हमाल. तिला ओढतच धोंडिरामकडं नेलं. तिथं सुई बघून ती मागं सरली. देवीच्या मधी आपण हात घातला तर आई कोपंल, असं तिला वाटत होतं. केसरबाईंनी तिला पुढ्यात बसवलं, स्वतःची बाही वर केली आणि वण दाखवला, मग माझा दाखवला, आणि म्हणाल्या की आई आमच्यावर इतकी वर्षं कोपली नाही. मायाक्कानं डोळे मिटून पोर पुढं केली. धोंडिरामनं टोचलं. लक्ष्मीपूजनाची दुपार होती, घरोघर दारात रांगोळ्या चालल्या होत्या.

वाकळ आणि ते दोन सदरे दुकानामागच्या बोळात जाळायचे ठरले. वच्छलाला निरोप दिला, पण ती आली नाही. काडी मी लावली. जुनं लुगडं चटकन पेट घेतं. धोंडिरामनं मग वच्छलाच्या घराला, तिच्या बोळाला आणि मायाक्काच्या बोळाला सगळ्यांना टोचलं, न चुकता महिनाभर येत राहिला. दुकान बंदच होतं.

मी रोज मायाक्काकडं जायचे. पोरीचं कपाळ चाचपायचं, तळहात बघायचे, तोंड उघडून जीभ बघायची. बरी आहे म्हटलं की घरी यायचं आणि दुसऱ्या दिवसाची भीती बाळगत झोपायचं. मायाक्का मला बसायला पाट द्यायची आणि कामाला लागायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

टोचल्यापासनं नवव्या दिवशी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं. पितच नव्हती, नुसती कण्हायची. मायाक्कानं शेजारच्या झाडाचा लिंब तोडून आणला होता आणि पोरीच्या अंगाखाली पसरत होती. तो पाला मी बघितला. मला आत पाऊल टाकवेना. मी उंबऱ्यावर बसले आणि बोळातल्या एका पोराला धोंडिरामकडं पिटाळलं. तो येईपर्यंतचा तास मी कसा काढला, माझं मला माहीत. मी आईला सांगितलं की घ्यायचं तर मला घे, माझं झालंय आता सगळं. मायाक्का पोरीला मांडीवर घेऊन डुलत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी वच्छला दिसली. दिवाळीपासनं ती घराबाहेर पडली नव्हती. कुणी सांगितलं तिला, कुणास ठाऊक. ती आली, मला ओलांडून आत गेली आणि मायाक्कासमोर बसली. पोरीचं झबलं वर केलं. पाठ बघितली, पोट बघितलं, तळपाय बघितले. असं बघायचं कसं, ते तिच्याइतकं त्या वस्तीत कुणाला ठाऊक नव्हतं. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली की मावशी, अंग साफ आहे, त्याचं असं नव्हतं. मला विश्वास ठेवायचा धीर होईना.

धोंडिराम आला. त्यानं दंड बघितला. टोचलं तिथं एकच फोड टरारून आला होता, भोवती लाल. त्यानं सगळं अंग पुन्हा चाचपलं आणि हसला. टोचल्याचाच ताप हाय, लागू पडलं, उद्यापतोर उतरंल, म्हणाला. तरी पंधरवडा जाऊ दे, मग सुटलो. मी उंबऱ्यावरच बसून राहिले.

पंधरवडा गेला, पोरीला काही झालं नाही. थंडी पडायला लागली होती आणि तिला पांघरूण नव्हतं. मी इरकली उकळत्या सोड्यात घातलं, तीनदा. फाडून थर घातले आणि वच्छलाकडं नेऊन दिलं. तिनं पाच दिवसांत वाकळ शिवली, तसल्याच बारीक टाक्यांची. आम्ही दोघी ती घेऊन गेलो तेव्हा केसरबाईही बरोबर होत्या.

मायाक्कानं वाकळ हातात घेतली, टाक्यांवरनं बोट फिरवलं. तिला ते टाके ओळखू आले असणार. तिनं विचारलं, “ती पयली कुणाची हुती वो?”

मी केसरबाईंकडं बघितलं. त्या जमिनीकडं बघत होत्या. नियम त्यांचाच होता.

“माझ्या महिपतीची,” वच्छला म्हणाली. “तीन वर्षांचा होता.”

मायाक्कानं पोरीला नव्या वाकळीत गुंडाळलं, उठली, आणि वच्छलाच्या मांडीवर ठेवली. मग चुलीकडं वळून आमच्यासाठी चहाचं आधण ठेवलं.